खाजनाचा बांध आणि तिवराचे रान
पाण्यालाही जागा हवी, भातालाही जागा हवी

ऑगस्ट महिना आला की गोव्यातल्या गावोगावच्या इगर्जींत कणसांचे फेस्त होते. राय गावी ५ ऑगस्टला, ताळगावी २१ ऑगस्टला, आणि पुढे एकेका गावाच्या रिवाजाप्रमाणे नव्या भाताची पहिली कणसे कापून वेदीवर ठेवली जातात, त्यांवर आशीर्वाद मागितला जातो. गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामात हे फेस्त झाले खरे, पण कणसे शेजारच्या गावातून आणावी लागली. आमच्या खालच्या खाजनात तोवर खारे पाणी शिरलेले होते. मिस्सा संपल्यावर एक वृद्ध शेतकरी आमच्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "पाद्रीबाब, दुसऱ्याच्या शेतातले कणीस देवापुढे ठेवताना लाज वाटली."

त्यांची ती लाज आमच्याही मनाला लागून राहिली आहे. त्यानंतर बांधाचा प्रश्न घेऊन आपल्या सभागृहात तीन बैठका झाल्या. एका पक्षाचे म्हणणे असे की फुटलेला बांध ताबडतोब बांधावा आणि आत वाढलेले तिवर साफ करून पुन्हा भात लावावे. दुसरा पक्ष म्हणतो, जे गेले ते गेले, तिथे आता मासळी वाढते, पक्षी येतात, पूर थोपतो, तेव्हा ते रान तसेच राहू द्यावे. तिसरा पक्ष बैठकीत बोलत नाही, पण बाहेर बोलतो. तो म्हणतो की कोणा ठेकेदाराला जमीन देऊन टाकावी, म्हणजे कटकट मिटली. या अंकात आम्ही या प्रश्नाचा शांतपणे विचार करणार आहोत. कोण बरोबर आणि कोण चूक हे सांगण्याची घाई नाही. आधी नीट समजून घेऊ.

खाजन म्हणजे काय

मांडवी आणि जुवारी या आपल्या दोन मोठ्या नद्या. कुंभारजुव्याच्या कालव्याने त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. समुद्राची भरती मांडवीत गांज्यापर्यंत आणि जुवारीत सांग्यापर्यंत जाणवते, म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटर आत. पावसाळ्यात सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि नद्या गोड्या होतात. पाऊस संपला की खारेपणा पुन्हा आत सरकू लागतो. या दोन पाण्यांच्या मध्ये जी सखल, चिखलाची जमीन आहे, तिला बांध घालून आपल्या पूर्वजांनी शेत केले. तेच खाजन. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेल्या ताम्रपटांतही या जमिनीचा उल्लेख सापडतो. सबंध गोव्यात अशी जमीन सुमारे १८,००० हेक्टर असल्याचे सांगितले जाते.

खाजनाची रचना चार भागांची आहे. पहिला भाग बांध. तो चिखल, पेंढा, झाडाच्या फांद्या आणि जांभा दगड यांचा असतो. दुसरा भाग मानस, म्हणजे बांधातले लाकडी दार. ते माट्टीसारख्या टिकाऊ लाकडाचे करीत. भरती चढली की नदीचे पाणी दाराला रेटते आणि दार आपोआप बंद होते. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी दार ढकलून बाहेर जाते. यंत्र नाही, वीज नाही, माणूसही उभा राहावा लागत नाही. तिसरा भाग पोंय, म्हणजे शेतांच्या मधून जाणारे पाणवठे आणि चर. पावसाचे पाणी त्यांत साठते आणि मानशीकडे जाते. चौथा भाग शेत. तिथे पहिल्या पावसाने मीठ धुऊन निघाल्यावर कोरगुट, आजगो अशी खारे पाणी सोसणारी भाते लावतात.

या रचनेत भात, मासळी आणि पूर या तिन्हींचा हिशेब एकाच वेळी केलेला आहे. मानशीतून येणाऱ्या पाण्याबरोबर सुंगटे, शेवटे आणि चणाक आत येतात. मानशीवर जाळे लावण्याचा हक्क दरवर्षी पावणीत दिला जाई आणि त्या पैशांतून बांधाची दुरुस्ती होई. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली, तर बाहेर जाऊ न शकणारे पाणी पोंयीत आणि शेतात पसरून राही. म्हणून गावातली घरे कोरडी राहत. आज ज्याला शास्त्रज्ञ पाणथळ जमीन आणि शेती यांचा मेळ म्हणतात, तो आपल्या वाडवडिलांनी शाळेत न जाता घातला होता.

बांध का फुटतात

लोक म्हणतात, भरती मोठी झाली, समुद्र वर आला. ते खरे आहे. भारत सरकारच्या २०२० सालच्या हवामान अहवालाप्रमाणे उत्तर हिंदी महासागराची पातळी १९९३ ते २०१७ या काळात दर वर्षी सुमारे ३.३ मिलिमीटरने वाढली. पण केवळ समुद्राला दोष देऊन चालणार नाही. बांध फुटण्याची कारणे आपल्या घरातही आहेत.

जुन्या काळी बांध पाहण्याचे काम गावकरीकडे, म्हणजे कोमुनिदादीकडे होते. १५२६ सालच्या फोरालमध्ये गावांचे हे जुने रिवाज लिहून ठेवले गेले. १९६१ साली पोर्तुगीज अमलाच्या शेवटच्या वर्षी कोमुनिदादींची संहिता नव्याने आली. त्यानंतर १९६४ चा कूळ कायदा आला आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणारा जमिनीचा मालक झाला. हा न्याय होता आणि तो उशिराच मिळाला. पण बांधाची जबाबदारी १९७५ च्या नियमांप्रमाणे कुळांच्या संघांवर आली आणि ती उचलायला बहुतेक ठिकाणी कोणी पुढे आले नाही. मालकाला वाटले, आता जमीन माझी नाही. कुळाला वाटले, बांध सर्वांचा आहे, मी एकट्याने का राबावे? आमच्या धर्मग्रामातील पुष्कळ घरांत तरुण मुलगे बोटीवर किंवा आखातात आहेत. बांधावर चिखल टाकायला हात कुठून येणार?

दुसरे कारण मानशीचे. पावणीत मानस घेतलेल्या माणसाला मासळी हवी असते, म्हणून तो दार गरजेपेक्षा जास्त वेळ उघडे ठेवतो. शेतात खार चढतो आणि मग त्याची भांडणे होतात. तिसरे कारण खनिज वाहून नेणाऱ्या बार्जींचे. त्यांच्या लाटांनी नदीकाठचे बांध वर्षानुवर्षे पोखरले गेले. चौथे कारण पोंयीवरील भराव. घरासाठी, रस्त्यासाठी, दुकानासाठी पोंय बुजवली की पावसाचे पाणी शेतातच तुंबते आणि बांधावर आतून दाब येतो. पाचवे कारण कुर्ल्यांची बिळे. ती लहान असतात, पण वेळेवर बुजवली नाहीत तर त्यांतून पाणी झिरपते, माती वाहून जाते आणि एका अमावास्येच्या भरतीला बांध उघडा पडतो. काही ठिकाणी तर मासळीच्या लोभाने मुद्दाम बांध फोडल्याच्या तक्रारीही झालेल्या आहेत. झिंगे पैदाशीसाठी किनाऱ्याच्या शेतजमिनी आणि पाणथळी बिघडवण्यावर सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर १९९६ रोजी कडक निकाल दिला, तो याच कारणासाठी.

तिवर शत्रू की शेजारी

आम्हीही पूर्वी असे समजत होतो की शेतात तिवर उगवले म्हणजे शेत मेले. तिवराकडे पाहण्याची आमची दृष्टी एका अनुभवी शेतकऱ्याने बदलली. त्यांनी आम्हांला बांधावर नेले आणि बाहेरची बाजू दाखवली. जिथे नदीच्या काठाने तिवर आणि चिपीची दाट पट्टी होती, तिथला बांध शाबूत होता. जिथे ती पट्टी कोणी जळणासाठी तोडली होती, तिथेच बांधाची माती खचली होती. त्या झाडांची मुळे लाटेचा जोर मोडतात, गाळ धरून ठेवतात. त्यांच्याच सावलीत लहान मासळी आणि सुंगटे वाढतात. नदीत जाळे टाकणाऱ्या आपल्याच धर्मग्रामातील बांधवांची कमाई त्यांवर अवलंबून असते. चोडण बेटाच्या टोकाला १९८८ साली घोषित झालेले डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य सुमारे १७८ हेक्टरांचे आहे, ते मांडवीकाठच्या याच तिवराच्या रानात.

पण त्याच शेतकऱ्याने आणखी एक गोष्ट दाखवली. तिवराची मुळे बांधाच्या अंगात शिरली होती आणि मुळांच्या वाटेने पाणी झिरपत होते. तेव्हा तिवर चांगले की वाईट असा प्रश्न विचारण्यात अर्थ नाही. ते कुठे उभे आहे हे पाहिले पाहिजे. बांधाच्या बाहेर, नदीकाठच्या चिखलात ते रक्षक आहे. बांधाच्या अंगावर ते धोका आहे. चालू शेतात ते आगंतुक आहे. आणि जिथे बांध फुटून कित्येक वर्षे झाली आणि रान दाट झाले, तिथे ते आता घरचे झाले आहे.

येथे मातीचाही विचार करावा लागतो. खाजनाच्या चिखलात गंधकाचे क्षार असतात. माती ओली असते तोवर ते शांत असतात. पण जमीन वर्षानुवर्षे पडीक राहून उन्हात भेगाळली की हवा आत शिरते, त्यांचे आम्ल होते आणि माती आंबट होते. अशा मातीत लावलेले रोप पिवळे पडते. म्हणून बरीच वर्षे बुडालेली जमीन एका वर्षात शेत होईल या भ्रमात कोणी राहू नये. पाऊस, निचरा आणि चुना यांच्या मदतीने ती हळूहळू सुधारते. आधी माती तपासून घेतल्याशिवाय त्या कामात पैसा घालू नये.

नदी वरपासून खालपर्यंत एकच

आपण बांधाकडे पाहतो तेव्हा आपली नजर बांधापुरतीच असते. पण जुवारीचे पाणी सांग्याच्या डोंगरातून येते आणि मांडवीचे पाणी बेळगावच्या खानापूर तालुक्यातून, म्हादईच्या रूपाने येते. वर डोंगर उघडे पडले की माती वाहून खाली गाळ होतो आणि मानशीपुढे साचतो. वर धरणात पाणी अडवले की उन्हाळ्यात खाली गोडे पाणी कमी उतरते आणि खार आणखी आत सरकते. वर पाणी घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. साळावलीच्या धरणाचे पाणी दक्षिण गोव्याच्या घराघरात जाते आणि त्याचे उपकार आपण जाणतो. पण पाणी वाटताना नदीच्या तळाशी राहणाऱ्या शेताचा आणि मासळीचाही वाटा मोजला पाहिजे.

म्हादईच्या प्रश्नावर २०१० साली न्यायाधिकरण नेमले गेले आणि ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने निवाडा दिला. त्यात गोव्याला २४ टीएमसी, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी असे पाणी वाटले गेले. हा वाद राज्याराज्यांचा असला तरी बेळगावकडील आपल्या ख्रिस्ती शेतकरी बांधवांनाही पाणी लागते आणि आपल्यालाही लागते. एकाच नदीच्या दोन टोकांना राहणारी ही माणसे एकाच वेदीपुढे गुडघे टेकतात. भांडणाची भाषा टाळून हिशेबाची भाषा बोलली पाहिजे, असे आम्हांला वाटते.

नंदा तळ्याचा धडा

जुवारीच्या खोऱ्यातच, कुडचड्याजवळ, नंदा तळे आहे. सुमारे ४२ हेक्टरांचे हे पाणथळ जुवारीच्या एका उपनदीला लागून आहे. तिथले लोक पावसाळा संपल्यावर पाणी साठवतात. त्या पाण्यावर तळ्याच्या खालच्या बाजूला भात पिकते, आणि तळ्यात मासळीही मिळते. २०२२ साली या तळ्याला रामसार स्थळाचा जागतिक दर्जा मिळाला. गोव्यातील हे पहिलेच रामसार स्थळ. पाणथळ जमिनी राखण्याचा हा आंतरराष्ट्रीय करार २ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणातील रामसार गावी झाला. भारत त्यात १९८२ साली सामील झाला.

आपल्या बैठकीत एका भावाने विचारले होते, "जागतिक दर्जा मिळाला म्हणजे शेतकऱ्याला हाकलणार का?" नंदा तळ्याकडे पाहिले तर उत्तर मिळते. तिथे शेतकऱ्याने पाणी साठवले म्हणूनच पाणथळ टिकले, आणि पाणथळ टिकले म्हणून भात टिकले. करमळीचे तळेही असेच. तेही माणसाने केलेले आहे. त्याचे पाणी वायंगणाच्या भाताला जाते आणि हिवाळ्यात तिथे परदेशी बदके उतरतात. कुडतरीची तळी पाहा. सासष्टीचे कोठार अशी त्या गावाची ख्याती आहे, आणि ती तळ्यांच्या जोरावर. २००८ साली तर रामसार करारातील देशांनी भातशेते हीसुद्धा पाणथळीची एक जात आहे आणि तीही जपण्यासारखी आहे असे ठरावाने मान्य केले.

दूरच्या देशातील एक उदाहरण

हॉलंड हा देश बांधांचा देश म्हणून प्रसिद्ध आहे. १९९५ साली तिथल्या नद्यांना मोठा पूर आला आणि सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडून हलवावे लागले. त्यानंतर त्यांनी बांध आणखी उंच करीत बसण्याऐवजी तीसपेक्षा जास्त ठिकाणी नदीला पसरायला जागा मोकळी करून दिली. एका सखल शेतवाडीत, तिचे नाव ओवरडीप, सरकारने जमीन पुरासाठी मागितली तेव्हा शेतकऱ्यांनी नुसता नकार दिला नाही. त्यांनी स्वतःची योजना पुढे केली. मातीचे उंच ढिगारे करून त्यांवर घरे आणि गोठे बांधावेत, आणि मोठा पूर आला तर पाण्याला शेतावरून जाऊ द्यावे. तसे केले गेले. पण सत्य पूर्ण सांगायला हवे. तिथल्या सतरा कुटुंबांपैकी साधारण निम्मीच तिथे राहिली. बाकीच्यांना मोबदला घेऊन दुसरीकडे जावे लागले.

यातून आम्ही दोन गोष्टी घेतो. एक, शेतकऱ्याने वेळेवर स्वतःची योजना मांडली तर त्याचे ऐकले जाते. दुसरी, पाण्याला जागा देण्याची किंमत कोणीतरी मोजतेच. ती एकट्या गरीब शेतकऱ्याने मोजायची आणि सुख मात्र सर्वांनी भोगायचे, हा न्याय नव्हे. आपल्या खाजनातील पडीक जमिनीने पूर थोपवला तर वरच्या वाड्यातील पक्की घरे वाचतात, तिवरात मासळी वाढली तर नदीत जाळे टाकणाऱ्याची मिळकत वाढते. पण ज्याचे शेत गेले त्या कुळाच्या हाती काय येते? या प्रश्नाला उत्तर दिल्याशिवाय रान राखा असे म्हणण्याचा अधिकार आपल्यातील कोणालाही नाही.

कायदा काय म्हणतो

थोडक्यात सांगतो. किनारी क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत गोव्याच्या खाजनांसाठी खास कलम आहे. खाजनांचे नकाशे करावेत, काठचे तिवर राखावे, खाजनाच्या व्यवस्थापनाची योजना करावी आणि खाजनात विकासकामे करू नयेत, असे त्यात म्हटले आहे. तिवर तोडायला बंदी आहे. शेत आपले असले तरी परवानगीशिवाय कोयता लावू नका. दुसऱ्या बाजूने, केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ नियमांत भातशेते धरलेली नाहीत, तेव्हा त्या नियमांचा बाऊ करून चालू शेती सोडण्याचे कारण नाही. २०२३ साली गोव्यात आलेल्या कायद्याने भातशेती बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घातले आहेत. म्हणून ठेकेदाराला जमीन देऊन टाकावी म्हणणाऱ्यांनी सही करण्याआधी दहादा विचार करावा.

मग आपण काय ठरवावे

पुढील बैठकीपुढे आम्ही एक विचार ठेवीत आहोत. तो आमचा एकट्याचा नाही, शेतावर उभे राहून ज्या वृद्धांनी समजावले त्यांचा आहे.

पहिली गोष्ट, आपल्या खाजनाचे तीन भाग करून बघावेत. जिथे आजही भात होते, तिथला बांध, मानस आणि पोंय यांची दुरुस्ती सर्वांत आधी. जे हातात आहे ते राखणे स्वस्त पडते. जिथे बांध अलीकडेच फुटला आहे आणि तिवर अजून लहान किंवा तुरळक आहे, तिथे माती तपासावी, कृषी खात्याच्या मृदसंधारण विभागाशी बोलावे, आणि परवाना घेऊनच पुढे जावे. जिथे रान दाट झाले आहे आणि जमीन सर्वांत सखल आहे, तिथे हट्ट सोडावा. ती जागा नदीला आणि मासळीला द्यावी आणि आतल्या बाजूने जुना बांध उंच व मजबूत करावा.

दुसरी गोष्ट, ज्यांची जमीन तिसऱ्या भागात जाते त्या कुटुंबांचा विचार आधी व्हावा. मानशीच्या पावणीत आणि मासळीच्या उत्पन्नात त्यांचा वाटा ठरवून लिहून ठेवावा. जिथे सरकारकडून मोबदला मागता येईल तिथे सर्वांनी मिळून मागावा. एकट्या विधवेला कचेरीच्या पायऱ्या झिजवायला लावू नये.

तिसरी गोष्ट, मानशीचे दार कधी उघडावे आणि कधी मिटावे याचे नियम पावणीच्या कागदातच लिहावेत. भात उभे असताना दार शेतकऱ्याच्या सांगण्याप्रमाणेच चालले पाहिजे.

चौथी गोष्ट, बांधाच्या बाहेर तिवराची पट्टी राखावी, आणि बांधाच्या अंगावर आलेल्या रोपांबद्दल वन खात्याला विचारून निर्णय घ्यावा. कुर्ल्यांची बिळे बुजवण्याचे काम मे महिन्यात, पावसाआधी करावे.

पाचवी गोष्ट, बियाणे. जुन्या गोव्यातील कृषी संशोधन केंद्राने खारट जमिनीसाठी गोवा धान १ ते ४ या जाती दिल्या आहेत. त्यांपैकी काही आपल्या कोरगुटातूनच निवडलेल्या आहेत. त्या लावून पाहाव्यात, पण घरचे कोरगुट संपवू नये. बियाण्याची एक कणगी प्रत्येक वाड्यात राहिली पाहिजे.

आरोग्याविषयी थोडे

फुटलेल्या बांधाचे दुःख घरातही येते. शेत बुडाले की आसपासच्या विहिरींत खार उतरतो. खारट पाणी रोज पिणाऱ्या माणसाचा रक्तदाब वाढू शकतो, आणि ज्यांना आधीच रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे त्यांना ते अधिक घातक. विहिरीचे पाणी चवीला बदलले तर तपासून घ्यावे. गर्भवती स्त्रिया आणि वृद्ध यांना शक्य तिथे नळाचेच पाणी द्यावे.

गवत आणि केरकचरा अडकून तुंबलेल्या पोंयीत डास वाढतात. वाहते पाणी डासाला आवडत नाही. म्हणून पोंय मोकळी करणे ही शेताची सेवा आहे तशी आरोग्याचीही.

पावसाळ्यात चिखलात काम करणाऱ्यांनी लेप्टोची विशेष काळजी घ्यावी. उंदीर-घुशींच्या मुतातून हा रोग पाण्यात येतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. जखम असेल तर ती झाकून घ्यावी, शक्य तर रबरी बूट घालावेत, कामावरून आल्यावर साबणाने हातपाय धुवावेत. अंगात ताप, डोकेदुखी, पोटऱ्यांत असह्य दुखणे, डोळे लाल होणे किंवा कावीळ दिसली तर घरगुती काढ्यावर दिवस घालवू नयेत. त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे आणि आपण चिखलात काम करतो हे डॉक्टरांना आठवणीने सांगावे. वेळेवर औषध मिळाले तर हा रोग बरा होतो. उशीर झाला तर जीव जातो.

शेवटी

पवित्र शास्त्रात पहिल्या माणसाला बाग दिली ती कसण्यासाठी आणि राखण्यासाठी. दोन्ही कामे एकाच आज्ञेत आहेत. फक्त कसत राहणारा माणूस जमीन संपवतो, आणि फक्त राखा म्हणणारा शेतकऱ्याला उपाशी ठेवतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली लिहिलेल्या परिपत्रकात पृथ्वीचे आणि गरिबांचे दुखणे एकत्रच ऐकायला सांगितले आहे. आमच्या लहानशा खाजनात हे दोन्ही आवाज एकाच बांधावरून ऐकू येतात.

प्रभूने बुरूज बांधणाऱ्याला आधी बसून खर्चाचा हिशेब करायला सांगितले होते. आपणही पुढच्या रविवारी दुसऱ्या मिस्सेनंतर बसून तोच हिशेब करू. नकाशा भिंतीवर लावलेला असेल. प्रत्येक कुळाने आपली जागा त्यावर दाखवावी, आणि ज्यांचे मुलगे परदेशी आहेत त्यांनी घरच्या वृद्धांना तरी पाठवावे. स्त्रियांनी आवर्जून यावे, कारण लावणीचा चिखल त्यांच्याच पायांना ठाऊक आहे.

त्या वृद्ध शेतकऱ्याला आम्ही एक वचन दिले आहे. पुढच्या फेस्ताला सगळे खाजन पिकेल असे काही सांगता येत नाही. पण वेदीवर ठेवायचे कणीस आपल्याच शेतातले असेल, मग ते एकाच कोनाड्यातले का असेना. ते वचन पाळायला आमचे हात पुरे पडणार नाहीत. तुमचे हवेत.